भोक पाडा, पण त्याची कड रंगवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या सजावटीवर लेख आला होता. मागचा स्पॉयलर, म्हणजे डिकीच्या झाकणावरचा शोभेचा पंखा, बसवण्याबद्दल त्यात एकच ओळ होती: ड्रिल मारून बसवला तर पक्का, टेपने चिकटवला तर तात्पुरता. मी ३१ वर्षं एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बॉडीच्या कामाला होतो. जन्मभर पत्र्याला भोकंच पाडली, त्यामुळे भोकाशी माझं काही वाकडं नाही. पण ही ओळ वाचून कुणी दुकानाकडे निघाला असेल तर त्याने आधी माझ्या भाच्याच्या डिकीची गोष्ट ऐकावी.

भाच्याने गेल्या वर्षी जुनी सेडान घेतली. तिसऱ्या हातची, मागे काळा स्पॉयलर, दिसायला झोकात. जूनमध्ये पाऊस लागला आणि गाडीत कुबट वास यायला लागला. डिकीतली चटई उचलली तर स्टेपनीच्या खळग्यात दोन बोटं पाणी आणि जॅक गंजून लाल. चिपळूणच्या माणसाला अशा वेळी पहिली शंका कसली येते हे सांगायला नको. २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आम्ही विसरलेलो नाही. "मामा, बुडालेली गाडी गळ्यात मारली वाटतं," म्हणत भाचा मटकन पायरीवर बसला. आम्ही सगळे सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहिले. सीटा कितीही धुतल्या तरी पट्ट्याच्या आत गुंडाळलेल्या भागावर गाळ राहतो. पट्टे स्वच्छ निघाले. म्हणजे पाणी वरून येत होतं.

मग वयाच्या ६६ व्या वर्षी मी डिकीत शिरलो, गुडघे हनुवटीला लावून. झाकणाचं अस्तर आधीच काढलं होतं आणि आतल्या पत्र्यावर घरातली टाल्कम पावडर फासली होती. भाच्याने झाकण लावलं आणि त्याची मुलगी बाहेरून तांब्याने पाणी ओतायला लागली. पाच-सहा तांबे काहीच नाही. मग बॅटरीच्या उजेडात पावडरीवर एक बारीक काळसर रेघ उमटली. स्पॉयलरच्या डाव्या पायाखालून निघाली, वायरिंग धरून खाली सरकली, कडेला थोडी थबकली आणि थेंब माझ्या मानेवर.

स्पॉयलर खोलला. बोल्ट चार, भोकं पाच! पाचवं चुकलेलं. माप हुकलं, म्हणून शेजारी दुसरं पाडलं आणि चुकलेलं तसंच उघडं ठेवून वर स्पॉयलरचा पाय बसवून टाकला. कोण बघायला येतंय? बाकीच्या चार भोकांना सिलिकॉन होतं, पण ते न्हाणीघरातल्या काचांना लावतात तसलं, हे त्याखालचा गंज बघून मी म्हणतो. ते सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. उघड्या लोखंडाला ते लावणं म्हणजे गंजाला आमंत्रण. गाडीच्या पत्र्यासाठी न्यूट्रल क्युअर, म्हणजे असं आम्ल न सोडणारं सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट मिळतं. दुकानात पोऱ्याने ट्यूब उघडल्यावर आंबट वास आला तर गाडी तिथून काढून आणावी.

गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर असतो. कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवतात, म्हणून आपल्या नजरेला न पडणारे कोपरेसुद्धा झाकलेले असतात. ड्रिल फिरलं की भोकाची कड उघडी पडते आणि लोखंडाचा कीस झाकणाच्या दोन पत्र्यांच्या मध्ये जाऊन पडतो. गंज या दोन ठिकाणांहून सुरू होतो. आमच्या एसटीला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा होता, तो असा लाल होऊन सडत नाही. मोटारीचा पत्रा सहसा पोलादी, तो माफ करत नाही.

आणि नीट काम करायला वेळ तरी किती लागतो? झाकणाला मास्किंग टेप लावायची, दोन्ही कडांपासून माप घेऊन मध्य काढायचा, कागदाचा टेम्प्लेट ठेवून खुणा करायच्या. स्पॉयलर नुसता ठेवून चार पावलं मागे जाऊन बघायचं. पंच मारायचा, नाहीतर ड्रिल रंगावरून घसरतं. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग बोल्टाच्या मापाचं. ड्रिलच्या पात्यावर टेप गुंडाळून खोली ठरवायची, कारण आत ब्रेकलाईटची वायर असू शकते. कीस व्हॅक्युमने ओढायचा. कडेला प्रायमर, त्यावर टच-अपचा रंग, तो सुकू द्यायचा. मग सीलंट, रबरी वॉशर आणि बोल्ट. हे "सुकू द्यायचं" दुकानदाराला परवडत नाही, कारण मागे तीन गाड्या उभ्या असतात. सगळी गोम तिथे आहे.

भाच्याच्या गाडीचं डावं भोक गंजाने इतकं खाल्लं होतं की बोल्टाला धरायला पत्राच उरला नव्हता. मी पाचही भोकं खरवडली, उरलेला गंज थोपवणारं रसायन (रस्ट कन्व्हर्टर) लावलं, प्रायमर, रंग आणि सीलंटसकट रबरी बूच बसवून बंद केली. पण स्पॉयलरच्या पायांखालचा रंग मूळचा गडद आणि भोवतालचा उन्हाने उडालेला, त्यामुळे झाकण नागडं ठेवायची सोय नव्हती. शेवटी सगळे डाग झाकले जातील असा एबीएस प्लास्टिकचा हलका, बसका लिप स्पॉयलर आणला आणि टेपने लावायचा ठरवला.

पावसाळ्यात मी त्याला हात लावू दिला नाही. ऑक्टोबरमधल्या कोरड्या दुपारी काम काढलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पत्रा पुसला. भाचा सॅनिटायझरची बाटली घेऊन आला होता, ती परत पाठवली. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा पातळ थर पत्र्यावर राहतो. अ‍ॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप घेतली. तिच्या वरच्या कागदाची टोकं बाहेर मुडपून ठेवली, म्हणजे स्पॉयलर जागेवर टेकवून झाल्यावर कागद ओढता येतो. एकदा चिकटला की सरकवायची सोय नाही. मग तळहाताने सगळीकडून जोर देऊन दाबला.

त्याच संध्याकाळी भाच्याला परशुराम घाटात चक्कर मारून यायचं होतं. या टेपची पकड पुरी बसायला ७२ तास लागतात. तीन दिवस गाडीची चावी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती आणि तीन दिवस आमचं बोलणं बंद होतं. पुढचा पावसाळा पूर्ण गेला, अजून कोपरा उचललेला नाही.

म्हणून टेपच बरी, असंही माझं म्हणणं नाही. फायबरचा उंच, जड पंखा टेपवर ठेवू नये. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ५० ला असतो त्याच्या चौपट १०० ला. द्रुतगती मार्गावर तो सुटला तर मागच्या गाडीच्या काचेवर जाईल. झाकणाचा बाक आणि स्पॉयलरचा बाक जुळत नसेल, मध्ये फट राहत असेल, तर टेपचे थरावर थर लावूनही उपयोग नाही. झाकणावर पूर्वी पुट्टी मारून रंगकाम झालं असेल तर टेप पत्र्याला नाही, त्या रंगाला धरते आणि रंगासकट निघून येते. (बाकी आमच्या इकडच्या रस्त्यांवर स्पॉयलरला वाऱ्याचं काम कितीसं पडणार! पण हौसेला मोल नसतं. मी स्वतः लुनाला दोन आरसे जास्तीचे लावले होते.)

दुकानदारांना माझी एकच विनंती आहे. बिलावर "स्पॉयलर फिटिंग" एवढंच लिहू नका. भोकं किती पाडली, कुठे पाडली आणि कशाने बंद केली, हेही लिहा. चुकलेलं भोक असेल तर तेही. गिऱ्हाईक चार शब्द बोलेल, पण त्याच दिवशी चार रुपयांचं बूच बसेल.

भाच्याच्या झाकणावरची पाच भोकं मी मापांसकट एका कागदावर काढून आरसीच्या पाकिटात ठेवली आहेत. गाडी पुढे कधी विकली गेली तर घेणाऱ्याच्या हातात तो कागद पडेल.

आपला,
एक निवृत्त बॉडी फिटर, चिपळूण