काजव्यांइतकेच मुंगळेही बघा

महोदय,

मे संपत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे पाहायला झुंबड उडते. हिरडा, बेहडा, सादडा उजळून निघतात, ते पाहावे असेच असते. पण त्याच झाडांच्या बुंध्याशी मोठे काळे मुंगळे राबत असतात, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दोघांची तऱ्हा किती वेगळी! काजवा हा खरे तर भुंगेऱ्यांच्या कुळातला. त्याचा प्रकाश जोडीदारासाठी असतो. पोटातल्या रसायनाचा प्राणवायूशी संयोग होऊन तो निर्माण होतो, उष्णता जवळपास नाहीच. पंख फुटल्यावर त्याच्या हाती जेमतेम काही आठवडे उरतात. त्याआधीचा बराच काळ तो अळीच्या रूपात जमिनीवर गोगलगायी खात काढतो. मुंगळ्याला उजेडाचे कौतुक नाही. तो वासाच्या वाटेने चालतो, झाडांवरच्या मावा किडीचा गोड रस गोळा करतो, वारुळासाठी माती पोखरून ती भुसभुशीत करतो. राणी तर वर्षानुवर्षे जगते.

गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या टॉर्च यांमुळे काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत, आणि झाडाखालच्या गर्दीत माद्या, अळ्या चिरडल्या जातात. वन विभागाने वाहने झाडांपासून बरीच दूर थांबवावीत आणि स्थानिक वाटाड्यांनी पर्यटकांना दिवसाउजेडी वारुळेही दाखवावीत, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक