नाटक लिहायला सरदारच कशाला हवा?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला शेक्सपिअरवरचा लेख वाचून संताप आला. हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलाला, म्हणजे शेक्सपिअरला, दरबाराचे एवढे बारकावे कुठून कळणार, म्हणून ती नाटके ऑक्सफर्डच्या अर्लची, म्हणजे एका बड्या सरदाराचीच, हा काय पुरावा झाला? अर्ल १६०४ साली वारला. 'टेम्पेस्ट' या नाटकावर ज्या जहाजफुटीची छाया आहे, ती १६०९ ची. त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही.

त्या काळी रंगभूमीसाठी लिहीत तरी कोण होते? मार्लो कँटरबरीच्या जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला. बेन जॉन्सनचे सावत्र वडील गवंडी. त्याने स्वतःही विटा रचल्या. शेक्सपिअरला तर १५९२ मध्येच, नाटककार रॉबर्ट ग्रीनच्या नावाने निघालेल्या पुस्तिकेत, उपटसुंभ कावळा म्हणून हिणवले गेले. १५९६ साली घराण्याला मानचिन्ह (खानदानी घराण्याचे अधिकृत चिन्ह) मिळाले, तरी १६०२ मध्ये एका अधिकाऱ्याने हरकत घेतलीच. त्या कागदावर मानचिन्हाखाली लिहिले आहे : 'शेक्सपिअर, नट'.

आणि बापाचा धंदा लपत नाही हो! 'मेरी वाइव्ज'मध्ये एका दाढीचे वर्णन येते, हातमोजेवाल्याच्या कातडे तासायच्या सुरीसारखी गोल. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये चतुर माणसाच्या हातचे वाक्य करडाच्या मऊ कातड्याच्या हातमोज्यासारखे झटकन उलटे होते. हे कुठल्या अर्लने घरात पाहिले असेल?

मी एवढे तळमळून लिहितो याला कारण आहे. माझे वडील शिंपी होते. कॉलेजात 'मॅकबेथ'वर निबंध लिहिला, तेव्हा प्राध्यापकांनी भर वर्गात वही उंच धरून विचारले, "कुणाकडून लिहून घेतलास? घरी इंग्रजी येतं कुणाला?" मग फळ्यापाशी उभे करून त्यातला एक परिच्छेद पुन्हा लिहायला लावला. मी लिहिला. तरी गुण कापलेलेच राहिले. तुमच्या लेखकाचा प्रश्न अगदी तोच आहे, म्हणून तो मला सहन होत नाही.

जाता जाता : छायाचित्राखाली 'शेक्सपिअरचे ग्लोब' असे छापले आहे. ते ग्लोब १६१३ साली जळाले. छायाचित्रातले नाट्यगृह १९९७ मध्ये उघडलेले आहे. निदान एवढी दुरुस्ती तरी छापावी.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा