मेंदीचे हात

चिऊ,

काल तू मेंदीच्या डिझाइन पाठवल्यास आणि मी नुसता अंगठा पाठवला, तुला वाटलं असेल आईला आवडल्या नाहीत, तसं नाही गं. डोक्यात अमृता शेरगिलचं ते चित्र आलं, नवरीला सजवतायत ते, दिल्लीला जयपूर हाऊसच्या कलासंग्रहालयात बाबांबरोबर बघितलेलं. मधोमध नवरी, मागे एकजण केस विंचरतीये, आजूबाजूला बायका, पोरं, आणि ही मेंदीचे लाल हात तसेच धरून बसलीये. लग्नघर आहे पण हसत कोणीच नाही. मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

ही शेरगिल जन्मली १९१३ला बुडापेस्टला, आई हंगेरियन, पॅरिसला शिकली, आणि १९३६च्या शेवटी आपल्या अजिंठ्याला येऊन मग पार दक्षिणेत फिरली, त्यानंतर १९३७मध्ये हे चित्र. १७ नंबरच्या लेणीतली आरशात बघणारी राणी आठवते का तुला, सातवीत असताना दाखवलेली? तेच मातीचे रंग, तशाच भोवती बायका. पण अजिंठ्यातली स्वतःला बघतीये, आणि हिच्या हातात आरसाच नाही, हिला सगळे दुसरेच नटवतायत.

माझा चुडा भरताना कासाराने हात इतका दाबला की डोळ्यात टचकन पाणी आलं, तर आत्या म्हणाली बघा नवरी माहेरासाठी रडायला लागली. मेंदी ओली असताना नाकाला खाज सुटली, दहा बायका शेजारी गप्पा मारत होत्या आणि मी कोणाला सांगितलंच नाही, तशीच बसून राहिले. तेवीस वर्षांची होते मी. शेरगिलने हे चित्र काढलं तेव्हा ती चोवीसची, तिचं स्वतःचं लग्न पण झालं नव्हतं, ते पुढच्या वर्षी झालं. तरी तिला कळलं होतं गं. अठ्ठाविसाव्या वर्षी गेली बिचारी, लाहोरला, अजून किती काय काढलं असतं तिने.

फोटोवाल्याला मी सांगून ठेवलंय, मेंदीच्या दिवशी सारखं स्माइल स्माइल करत मागे लागायचं नाही. हसू आलं तर हस, गप्प बसावंसं वाटलं तर खुशाल गप्प बस. मी शेजारीच पाट टाकून बसणारे, भूक लागली की भरवते, नाक खाजलं तर सांग.

आणि कमळाची डिझाइन घे, ती छान आहे.

आई