पॅकेज विचारताय तर मालक कोण तेही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे दिवस आले की पेपरांच्या करिअरच्या पानावर ‘जावा शिकू की डॉटनेट’ हा प्रश्न येतोच, आणि उत्तर पण ठरलेलं असतं, जॉब कशाला जास्त आणि फ्रेशरला पॅकेज किती. दोन्ही सॉफ्टवेअर बनवायचीच साधनं, जावाच्या मागे ओरॅकल कंपनी आणि डॉटनेटच्या मागे मायक्रोसॉफ्ट. मी अठरा वर्षं दोन्हीत काम केलंय, आधी पुण्यात आणि आता मिरजेत घरूनच, संध्याकाळी इथली चार-पाच मुलं येऊन बसतात त्यांना जमेल तसं शिकवतो. मला विचाराल तर खरा फरक पगारात नाहीये आणि सिंटॅक्समध्ये तर नाहीच, डॉटनेटची भाषा सी शार्प आणि जावा ह्यांचा कोड शेजारी ठेवला तर नवख्याला कुठला कुठला ते पटकन कळत पण नाही. फरक आहे तो ह्यात, की मालकाने उद्या काही भलतंच ठरवलं तर वापरणाऱ्याच्या हातात काय उरतं.

मागच्या महिन्यात थर्ड इयरची एक मुलगी रडवेली होऊन आली. भरपूर फी भरून एका क्लासला जाते, तिथल्या नोट्स बघून प्रोजेक्ट करत होती, कोडमध्ये एंटिटीचा क्लास (डेटाबेसच्या टेबलशी जोडलेला तुकडा) लिहिला, वर इम्पोर्टमध्ये जावाएक्स डॉट पर्सिस्टन्स, आणि सगळीकडे एररच्या लाल रेघा. दोन दिवस गेले, क्लासमधून उत्तर आलं की सगळं काढून परत इन्स्टॉल कर. नोट्स जुन्या होत्या आणि लॅपटॉपवर स्प्रिंग बूट ह्या जावाच्या फ्रेमवर्कची आवृत्ती 3 होती, एवढंच. जावाएक्सच्या जागी जकार्ता लिहायला लावलं, रेघा गेल्या. मग तिने खुशीत सगळ्या प्रोजेक्टवर फाइंड-रिप्लेस मारलं तर डेटासोर्सची ओळ मोडली, कारण जावाएक्स डॉट एसक्यूएल हे जेडीकेच्याच, म्हणजे जावाच्या मूळ संचाच्याच, पोटातलं आहे, त्याचं नाव बदललेलंच नाही.

हे नाव बदललं कशाला, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ओरॅकलने 2017 ला जावा ईई, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या सॉफ्टवेअरसाठीचा जावाचा भाग, एक्लिप्स फाउंडेशन ह्या संस्थेकडे द्यायचं ठरवलं, पण जावा नावाचा ट्रेडमार्क स्वतःकडेच ठेवला, जावाएक्स नावाखाली पुढे बदल करायचे की नाही ह्यावर दोघांचं जमलं नाही, म्हणून 2020 मध्ये जकार्ता ईई 9 ला (जावा ईईचंच हे नवं नाव) कोडमधल्या सगळ्या पॅकेजांची नावंच बदलावी लागली आणि 2022 च्या शेवटी स्प्रिंग बूट 3 त्याच वाटेने गेलं. वकिलांच्या टेबलावरचं भांडण असं मिरजेतल्या पोरीच्या स्क्रीनवर येऊन पोचतं.

पण त्याच जावाची दुसरी बाजू बघा. 2019 मध्ये ओरॅकलने जावा 8 चे पुढचे अपडेट कंपन्यांना पैसे देऊन घ्यायला लावले, तेव्हा बरेच लोक घाबरले, जावा संपलं अशी बोलणी सुरू झाली. झालं काय, तर ओपनजेडीके, म्हणजे जावाचा मूळ कोड, सगळ्यांसाठी खुलं होतंच, त्यावरून ॲमेझॉनने आपलं कॉरेटो काढलं, पुढे एक्लिप्सचं टेम्युरिन आलं, लोकांनी इन्स्टॉलर बदलला आणि कामाला लागले, कोडची एक ओळ न बदलता. कुणाला विनंती करावी लागली नाही. बऱ्याच कंपन्या आणि जगभरचे युजर ग्रुप एकाच गोष्टीवर पोट भरतात तेव्हा एकट्याची मनमानी चालत नाही. त्याची किंमत पण आहे, सगळ्यांना सांभाळून घ्यायचं म्हणजे चाल मंद, लॅम्डा (छोटं फंक्शन जागच्या जागी लिहायची सोय) सी शार्पमध्ये 2007 ला आले आणि जावात यायला 2014 उजाडलं. पण पंधरा वर्षांपूर्वी कंपाइल केलेली जार फाइल, म्हणजे जावाचा तयार प्रोग्राम, नव्या जावावर निमूट चालताना मी स्वतः बघितलीये, तेव्हा ह्या मंदपणाबद्दल माझी तक्रार नाही.

डॉटनेटचं घर एकाच कर्त्याचं. 2002 ला पहिली आवृत्ती आली ती विंडोजपुरती, बाहेरच्या मिगेल दे इकाझा वगैरे प्रोग्रामर मंडळींनी मोनो नावाची खुली आवृत्ती करून डॉटनेट लिनक्सवर चालवून दाखवलं, आणि 2014 च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच कोड खुला करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे डॉटनेट म्हणजे विंडोजच असं अजूनही शिकवणाऱ्यांनी ते थांबवावं ही हात जोडून विनंती. माझ्याकडे एक मुलगा जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून डॉटनेट शिकतोय, एक कमांड दिली की प्रोजेक्ट तयार, दुसरी दिली की चालू, आणि अडलं तर डॉक्युमेंटेशन सगळं एकाच ठिकाणी. जावात त्याच पोराला आधी जेडीके कुठला, मग प्रोजेक्ट बिल्ड करायला मेव्हन की ग्रेडल, मग फ्रेमवर्क कुठलं, इथेच आठवडा जातो. गावात एकट्याने शिकणाऱ्याला, ज्याला विचारायला शेजारी कुणी नाही, मी अजूनही डॉटनेटने सुरुवात कर म्हणतो.

पण कर्ता एकच असला की त्याचा शब्द शेवटचा. मायक्रोसॉफ्टच्याच व्हिज्युअल बेसिक 6 ह्या भाषेवर लाखो लोकांचं पोट होतं, 2005 मध्ये त्यांच्यातल्या नावाजलेल्या लोकांनी सह्यांची याचिका केली, उपयोग झाला नाही, 2008 च्या एप्रिलमध्ये सपोर्ट बंद झाला. ब्राउझरमध्ये ॲप चालवणाऱ्या त्यांच्या सिल्व्हरलाइटचं तेच, 2007 ला गाजावाजा आणि नंतर हळूहळू विसर. मात्र 2021 मध्ये वेगळं घडलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉटनेट 6 यायच्या तोंडावर कमांड लाइनवरचं हॉट रीलोड (प्रोग्राम चालू असतानाच कोडमधला बदल लागू करायची सोय) काढून ते मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ ह्या सॉफ्टवेअरपुरतं ठेवायचं ठरलं. जगभरचे डेव्हलपर चिडले, काढलेला कोड परत घाला म्हणून गिटहबवर, म्हणजे जिथे हा खुला कोड असतो त्या साइटवर, पुल रिक्वेस्टसुद्धा (तयार बदलाचा प्रस्ताव) आली, आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने चूक कबूल करून ते परत घातलं. तिथली कम्युनिटी आता नुसती वाट बघत बसत नाही, बोलते. तरी फरक उरतोच, तिथे मागावं लागलं आणि जावावाल्यांनी आपापलं उचलून घेतलं. रेड हॅट आणि उबंटू हे लिनक्सवाले डॉटनेट स्वतः बिल्ड करतात हे खरं, पण पुढे कुठे जायचं ते अजून मायक्रोसॉफ्टच ठरवतं.

म्हणून नोकरीची दहा-वीस वर्षं डोळ्यासमोर असतील तर मुलांनी दोन्हीकडच्या गिटहबच्या चर्चा महिनाभर नुसत्या वाचाव्यात असं मला वाटतं, कोण बोलतंय, कुणाचं ऐकलं जातंय, नवख्याच्या प्रश्नाला कुणी नीट उत्तर देतंय का, हे तिथे दिसतं, पगाराच्या तक्त्यात दिसत नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी ह्या विषयावर पान काढाल तेव्हा क्लासवाल्यांना कुठली आवृत्ती शिकवता आणि नोट्स कुठल्या सालच्या आहेत हे विचारून छापा. डॉटनेट 8 चा सपोर्ट 2026 च्या नोव्हेंबरमध्ये संपतोय, स्प्रिंग बूट 3 ला निदान जावा 17 लागतं, एवढ्या दोन ओळी जरी चौकटीत आल्या तरी फी भरायच्या आधी आईबापांना काय विचारायचं ते कळेल.

आपला,
एक वाचक, मिरज