माहेरचं नाव तेवढं छापा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात निधन वार्ता येतात त्याबद्दल लिहितेय. पासष्टीला आलं की पेपर हातात पडल्यावर आधी तेच पान उघडलं जातं, हसू नका, तुम्हीपण उघडाल.

आम्ही सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजच्या, बीएस्सी केमिस्ट्री १९८१. वर्गात पोरी अकराच. लग्नं झाली तशा पांगलो, कोण इचलकरंजी कोण डोंबिवली, आणि त्या काळी सासरी पाऊल ठेवलं की ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहायचे, म्हणजे आडनाव तर जायचंच पण पहिलं नावपण जायचं. आम्ही ते सासरचं नाव पंधरा पैशाच्या कार्डावर पत्त्यापुरतं लिहायचो, पोस्टमनला कळावं म्हणून, बाकी मजकुरात जुनीच हाक. मग फोन आले, कार्डं बंद पडली आणि एकमेकींची ती नावं कधी विसरलो कळलंच नाही. मोबाईलमध्ये सगळ्या कॉलेजच्याच नावानं सेव्ह आहेत.

व्हॉट्सअप ग्रुप आहे की, नाही कशाला. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागात वरच्या मजल्यावर अडकलेल्या एकीला दूध आणि बीपीच्या गोळ्या कशा पोचवायच्या ते त्याच ग्रुपवर ठरलं, डोंबिवलीची पोरगी (पोरगीच म्हणतो आम्ही अजून) तिकडून इथल्या लोकांना फोन लावत बसली होती. पण पूर ओसरला आणि परत गुड मॉर्निंगची फुलं, काढे आणि राजकारण, इतकं की तिघी वैतागून बाहेर पडल्या. त्यातली एक माझ्याशेजारी तीन वर्षं प्रॅक्टिकलला उभी असायची. पिपेट तोंडानं ओढताना ॲसिड तोंडात गेलं होतं तिच्या, तर सरांना कळू नये म्हणून मीच तिला नळाखाली धरलं होतं.

मार्गशीर्षात तिचा वाढदिवस असतो, त्या दिवशी फोन केला तर सुनेनं उचलला. आई जाऊन दोन महिने झाले म्हणाली, आणि आम्ही पेपरात दिलं होतं की, असंही म्हणाली. कुठला पेपर विचारलं तर तुमचाच, जो माझ्या दारात रोज पडतो. रद्दी तोवर गेलेली, म्हणून नातवाकडून ईपेपर उघडून घेतला. होतं. श्रीमती अमुक तमुक, अल्पशा आजाराने, पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे, रक्षाविसर्जन अमरधामला सकाळी नऊ वाजता. अंगठ्याएवढा फोटो, चष्मा, पांढरे केस. शेजारीच सुडोकू, आणि ते मी त्या दिवशी सोडवलेलं मला पक्कं आठवतंय. म्हणजे पान माझ्या हातात होतं, घर तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर, आणि मी आकडे भरत बसले.

चूक तुमची नाही, घरच्यांची पण नाही. पोरांना आईचं माहेरचं नाव पेपरात द्यायचं सुचत नाही, आणि जाहिरातीचे पैसे जागेवर मोजले जातात म्हटल्यावर तीच ओळ पहिली उडते. पुरुषांना हा ताप नाही, आमच्या वर्गातला मुलगा गेला तर नाव तेच असतं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. आताच्या मुली नावं बदलत नाहीत ते बरंच आहे, पण आमची पिढी अजून संपायची आहे.

तर एवढंच करा, बाई गेल्याची बातमी आली की काउंटरवरच्या माणसानं विचारायचं, माहेरचं नाव काय? आणि ‘पूर्वाश्रमीच्या’ करून ती ओळ फुकट छापायची. कॉलेज आणि वर्ष पण टाकलंत तर अजून बरं. मी माझा मजकूर लिहून मुलाकडे देऊन ठेवलाय, माहेरच्या नावासकट, तो म्हणतो आई तुझं काहीतरीच. पण तुमच्याकडे येईल तेव्हा ती ओळ तेवढी कापू नका.

– तुमची एक जुनी वाचक, विश्रामबाग, सांगली