कॅमेरा दिसला की हटकायचे, मोबाइल चालतो?

महोदय,

सुट्टीच्या दिवशी गळ्यात जुना कॅमेरा अडकवून गावात फिरायचे, हा माझा छंद. गेल्या महिन्यात शहरातल्या एका जुन्या वास्तूत कॅमेरा काढताच पहारेकरी धावत आला. "फोटो बंद! परवानगी आणा." त्याच्या मागे चार पोरे मोबाइलवर रील काढत होती, त्यातला एक तर कठड्यावर चढलेला. त्यांना कोणी हूं की चूं केले नाही. आजकालचा मोबाइल माझ्या डबड्यापेक्षा स्पष्ट फोटो काढतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? नियम असेल तर दारातच मराठीत पाटी लावा, म्हणजे वादच नको.

उलट सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत कोणीच कोणाला अडवत नाही. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडताना पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) आणि आपल्यापुढे नुसते उंचावलेले हात. आभाळात उडालेले तांदूळ टिपायला गेलो, तर फ्रेममध्ये सतरा मोबाइल. (उभ्या व्हिडिओला मी नेहमी नावे ठेवतो, पण नंदीध्वजाला तोच बरा, हे कबूल.)

सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पडली, तेव्हा निम्म्या सोलापूरने ती टिपली. ती उभी असतानाचे फोटो किती जणांकडे आहेत? महापालिकेने हौशी लोकांकडून गिरण्या, चाळी, मागांचे जुने फोटो मागवून वर्षातून एकदा प्रदर्शन भरवावे. मागच्या बाजूला ठिकाण आणि साल लिहिलेले तेवढे घ्यावेत.

– एक हौशी छायाचित्रकार, सोलापूर