आधी बोल, मग बासरी

आदरणीय सेन्सेई,
शि. सा. न. वि. वि.

जपानच्या नोह नाट्यातली नोहकान शिकवायला बसलात आणि पहिल्यांदा ती बासरीच बाजूला ठेवायला लावलीत, त्याबद्दल मनापासून आभार. 'शोगा', म्हणजे तोंडी बोल, पाठ झाल्याशिवाय वाद्याला हात नाही. मांडीवर आठ मात्रा मोजत 'ओह्यारा, होउहोउही' म्हणत राहायचं. तबला शिकलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण इथे बोलावरून बोटं कळत नाहीत, ती वेगळी शिकावी लागतात. शिवाय इस्सो, मोरिता आणि फुजिता या घराण्यांचे बोल निराळे, त्यामुळे एकाची वही दुसऱ्याकडे चालत नाही.

'नोदो'चं कोडं उलगडलंत, तो उपकार तर मोठाच. नोदो म्हणजे घसा: फुंकेचं भोक आणि बोटांचं पहिलं भोक यांच्यामध्ये आत बसवलेली बारीक नळी. आपल्या बासरीत त्याच बोटांवर फुंक वाढवली की सूर सप्तकभर वर जातो. इथे तो अलीकडेच थांबतो आणि वर जावं तशी ही तूट वाढते. बासरीवाल्याला वाटतं वाद्यच बिघडलंय, मग तो ओठ वळवून सूर 'सुधारायला' जातो. ती खोड तुम्ही वेळीच मोडलीत. गायकाच्या सुराला सूर लावायचाच नसतो, त्याची ओळ कुठे उठते नि कुठे टेकते ते धरायचं असतं. म्हणून उताईचे, म्हणजे नोहमधल्या गायनाचे शब्द आणि ढोलवाल्यांच्या हाका, दोन्ही तोंडपाठ हव्यात.

'हिशिगी', तो कान चिरत जाणारा तार सूर, गाल फुगवले की फुसकाच निघतो. ओठांची फट बारीक आणि दाब पोटातून. भोकांवर बोटांची टोकं नकोत, मधली पेरं आडवी टाकायची.

पेशाबद्दलही तुम्ही गोड बोलला नाहीत. तोक्योत 1983 साली उघडलेल्या राष्ट्रीय नोह नाट्यगृहातलं शिक्षण 3 अधिक 3 वर्षांचं. पुढे बोलावणं येईल तसे प्रयोग. सगळ्यांची एकत्र तालीम, 'मोशिआवासे', बहुधा एकदाच. तिथे अडखळलात तर सावरायला थेट रंगमंचच.

फळीवर हारिओगीचे, म्हणजे ताल धरायच्या मिटलेल्या पंख्याचे ठोके देऊन तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग रोज लावतो. अजूनही ठोक्याच्या जरा आधीच पोचतो आम्ही.

आपले,
बासरीवाले विद्यार्थी